वाचकांचे प्रश्न : माणूस लपवायचा म्हणजे काय काय लागतं?

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या डच भूमिगतांवर लेख होता. जर्मन फौजा १० मे १९४० रोजी नेदरलँड्समध्ये घुसल्या, पाच दिवसांत देश पडला आणि पुढची पाच वर्षं काही हजार साध्या घरांनी ज्यू माणसांना आपल्या छपराखाली दडवून ठेवलं, हा त्याचा विषय. मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यातली ‘हे नेमकं केलं कसं?’ असं विचारणारी पत्रं निवडली आहेत. धाडसाच्या चार गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. पण माणूस लपवणं हा रोजचा संसार होता, आणि तो कसा चालायचा हे कळल्याशिवाय त्या माणसांची किंमत कळत नाही.

प्रश्न : आमचा कॉलेजचा ग्रुप युवक महोत्सवासाठी याच विषयावर एकांकिका बसवतोय. लपण्याची खोली रंगमंचावर कशी दाखवावी? खरी खोली कशी असायची?
– विद्यार्थी, लातूर

हार्लेम गावातलं घड्याळजी टेन बोम कुटुंबाचं घर नमुना म्हणून घ्या. बार्टेलयोरिसस्ट्राट, घर क्रमांक १९. खाली दुकान, वर राहणं. म्हातारे वडील कास्पर आणि दोन अविवाहित मुली, बेट्सी आणि कॉरी. लपायची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर, कॉरीच्या झोपायच्या खोलीत काढली होती. वरचा मजला निवडण्याचं कारण साधं आहे. पोलीस दारातून आत येऊन तिथवर चढेपर्यंत जो वेळ जातो, तोच लपणाऱ्याच्या हातात असतो.

खोलीच्या शेवटच्या भिंतीपुढे दुसरी भिंत उभी केली. दोन्हींमध्ये साधारण अडीच फुटांची फट. त्यात सहा माणसं उभी राहतील किंवा दाटीवाटीनं बसतील, एवढीच जागा. नवी भिंत विटांची होती आणि हे मुद्दाम केलं होतं, कारण लाकडी भिंतीवर मूठ आपटली की ती पोकळ वाजते आणि झडतीवाल्यांचा तो पहिलाच उद्योग असे. विटा आणि हत्यारं वर्तमानपत्रात, पिशव्यांत लपवून थोडी थोडी आणली. गवंडीकाम आठवडाभरात उरकलं, पण खरं कसब पुढे होतं. भिंत नवी दिसून चालणार नव्हती. तिच्यावर डाग पाडले, रंग सोललेला दाखवला, जुनी लाकडी पट्टी पुन्हा बसवली आणि पुढे वाकलेल्या फळ्यांचं कपाट ठेवलं. आत जायची वाट त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीमागून होती. तिथे वर सरकणारी छोटी फळी होती आणि माणूस रांगतच आत शिरे. आत हवेची सोय, अंथरूण, पाण्याचं भांडं, कडक बिस्किटं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. ते घर मुळात दोन जुनी घरं जोडून झालेलं होतं आणि दोन्हीकडचे मजले एका पातळीत नव्हते. त्यामुळे आतलं-बाहेरचं माप जुळवून चोरखोली शोधणंही अवघड होतं.

नाटकासाठी सांगायचं तर भिंतीची कड प्रेक्षकांकडे ठेवा, म्हणजे अलीकडची खोली आणि पलीकडची फट दोन्ही एकदम दिसतील. फट अडीच फुटांचीच ठेवा. चार फूट केलीत की सगळा श्वास मोकळा होतो. आणि एक प्रसंग घड्याळ लावून बसवा. या घरात धोक्याची घंटा होती आणि तिची बटणं घरभर बसवलेली होती. घंटा वाजली की सगळ्यांनी आत जायचं, याची तालीम होई. पहिल्या तालमीला चार मिनिटं लागली. सरावानं ती ७० सेकंदांवर आली. नुसतं पळून भागत नसे. जेवणाच्या टेबलावरचं जास्तीचं ताट, कप, राखदाणी, खुंटीवरचा शर्ट सगळं सोबत न्यायचं. रात्रीची वेळ असेल तर गादी उलटी करायची, कारण कोणी नुकतं उठलं असेल तर गादी गरम लागते आणि झडती घेणारा तिच्यावर हात ठेवून बघतो. ही गरम गादी रंगमंचावर दाखवा. दहा संवादांचं काम ती एकटी करील.

आता दोन चुका टाळा. दार ठोठावणारा प्रत्येक जण जर्मन गणवेशातला सैनिक दाखवू नका. अनेक धाडी डच पोलिसांनीच घातल्या. लपून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकच्या घरावर आलेल्या धाडीतही एक ऑस्ट्रियन अधिकारी होता आणि त्याच्यासोबतचे साध्या वेशातले पोलीस डच होते. दुसरी चूक पिवळ्या ताऱ्याची. मे १९४२ पासून ज्यूंना कपड्यावर तो शिवावा लागे. तारा फुकटही नव्हता. एकाला चार सेंट पडत आणि वर कापडाच्या रेशनचं कुपनही द्यावं लागे. पण भूमिगत होताना पहिल्यांदा उसवायचा तो हाच तारा. लपलेल्या माणसाच्या अंगावर तो दाखवलात तर जाणकार प्रेक्षक तिथेच उठून जाईल. उसवलेल्या जागी कापड गडद राहतं आणि दोऱ्याची भोकं दिसतात, ते मात्र दाखवता येईल.

प्रश्न : मग एवढी तयारी असून ते कुटुंब पकडलं कसं गेलं?
– त्याच ग्रुपमधली दुसरी विद्यार्थिनी

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी एक डच माणूस बायकोला सोडवायला पैसे हवेत असं सांगत दारात आला. तो खबऱ्या होता. धाड पडली आणि घंटा वाजून सहा जण भिंतीमागे गेले. त्यात चार ज्यू आणि दोन भूमिगत कार्यकर्ते होते, आणि ज्यूंपैकी एका बाईला दमा होता. पोलिसांनी घर पिंजून काढलं, पण ती भिंत त्यांना सापडली नाही. सहाही जण जवळजवळ दोन दिवस अन्नपाण्यावाचून आत राहिले आणि नंतर भूमिगतांच्या बाजूनं असलेल्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

फसगत खिडकीपाशी झाली. तिथे घड्याळाच्या कंपनीची एक पाटी ठेवलेली असे. पाटी जागेवर असली तर ‘आत या’, नसली तर ‘पुढे जा’. बेट्सीनं ती पाडली, पण ते पोलिसाच्या लक्षात आलं आणि त्यानं ती उचलून पुन्हा जागेवर लावली. मग दिवसभर आपली माणसं एकामागून एक येत राहिली आणि अडकत गेली. सुमारे ३० जण धरले गेले. शत्रूला कळलेली खूण ही नसलेल्या खुणेपेक्षा घातक असते. ८४ वर्षांचे कास्पर दहा दिवसांत कैदेतच वारले. बेट्सी डिसेंबरमध्ये राव्हेन्सब्रुकच्या छावणीत वारली. कॉरी वाचली.

प्रश्न : आपल्याकडच्या वाड्यांत धान्य साठवायची बळदं असतात, जुन्या गावांत जमिनीखालची पेवं असतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांचा उपयोग झाल्याचं ऐकतो. हॉलंडमध्ये माणसं जमिनीखाली का नाही लपवली?
– निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर तुमच्याच गावच्या मातीत आहे. पेव पांढरीत काढतात, काळ्या रानात कोणी काढत नाही, कारण काळीत ओल धरते आणि धान्य नासतं. हॉलंडच्या पश्चिम भागात सगळीकडे तीच गत आहे. बराचसा प्रदेश समुद्रसपाटीच्या खाली, हात-दोन हात खणलं की पाणी. त्यामुळे अ‍ॅम्स्टरडॅम, हार्लेम, लायडनकडे लपण्याच्या जागा वर गेल्या. माळ्यावर, छपराच्या उतारात, दोन भिंतींच्या मध्ये किंवा जिन्याखाली. लाकडी फरशीखाली हातभर पोकळी असते, तिचाही उपयोग झाला, पण तिथे माणूस आडवाच राहू शकतो आणि थंडीत तासाभरात आखडतो. काही तासांच्या धाडीपुरती ती ठीक होती. महिनोन्‌महिने राहायला तिचा उपयोग नव्हता.

पूर्वेला आणि मध्यभागी वाळूची, कोरडी जमीन आहे. तिथे मात्र तुमच्या पेवासारखं झालं. फीरहाउटन गावाजवळच्या रानात अर्ध्या जमिनीत गाडलेल्या झोपड्यांची वस्तीच उभी राहिली. १९४३ पासून तिथे ८०-१०० माणसं राहत होती. छपरावर माती आणि झाडोरा. पायवाट पडू नये म्हणून येण्याजाण्याची शिस्त. दिवसा धूर नाही. गावकऱ्यांनी दीड वर्ष अन्न पुरवलं आणि कोणी तोंड उघडलं नाही. ऑक्टोबर १९४४ च्या शेवटी शिकारीला निघालेल्या, नाझींच्या एसएस दलातल्या दोघांना ती योगायोगानं सापडली. बहुतेक जण पांगले, पण आठ ज्यूंना पकडून गोळ्या घातल्या. त्यात एक सहा वर्षांचा मुलगा होता.

शेतकऱ्यांकडे गंजी पोखरून केलेल्या जागाही असत. त्यात धोका असा, की जनावरांना वैरण काढता काढता गंज एका बाजूनं खचते. म्हणून मधली पोकळी फळ्यांच्या खोक्यानं धरून ठेवावी लागे. आणि झडतीवाले गंजीत लोखंडी सळया खुपसत.

प्रश्न : मी रेशन दुकान चालवते. कार्डावर नाव नाही त्याला एक किलोही देता येत नाही, हे माझं रोजचं काम. मग नावच नसलेल्या माणसांना ही घरं दोन वर्षं खायला कुठून घालत?
– रास्त भाव दुकानदार, धाराशिव

तुम्ही बरोबर नस पकडलीत. भिंत एकदा बांधली की झाली, पण पोट रोज होतं. लपलेली अनेक माणसं धाडीनं नाही, अन्नाच्या वाटेवर पकडली गेली.

रचना अशी होती. प्रत्येकाचं एक मूळ कार्ड. ते दाखवलं की ठरावीक मुदतीला कुपनांचा नवा तक्ता मिळे आणि पाव, लोणी, साखर, साबण, कापड, कोळसा सगळं त्या कुपनांवर. लपलेला माणूस कचेरीत जाऊ शकत नाही, म्हणजे त्याची कुपनं बंद. हा खड्डा भरायचे तीन मार्ग होते. पहिला, कचेरीतला आतला माणूस. कॉरी टेन बोमला अशाच एका ओळखीच्या कर्मचाऱ्यामार्फत महिन्याला शंभर कार्डं मिळत. हिशेब जुळावा म्हणून त्यानं आपल्याच कचेरीवर खोटी लूट घडवून आणली. दुसरा, धाड. १९४३ पासून ‘क्नोकप्लुख’ नावाची हत्यारी पथकं रेशन कचेऱ्या लुटू लागली. तिसरा, शेतकरी. रोख किंवा उधारीवर बटाटे, दूध, राय नावाचं धान्य.

जर्मन राजवट गप्प बसली नाही. १९४४ च्या सुरुवातीला नवं मूळ कार्ड काढलं. ते घ्यायला स्वतः ओळखपत्र घेऊन हजर व्हायचं आणि ओळखपत्रावर एक छोटा शिक्का-तिकीट चिकटवून घ्यायचं. तिकीट नसलं की माणूस लपलेला, इतकं सोपं. त्यावर भूमिगतांनी २५ जानेवारी १९४४ रोजी टिलबर्गच्या नगरपालिकेतून लाखभर तिकिटंच पळवली. डाव तिथेच फसला.

कुपन मिळालं तरी वस्तू घरी आणायची कोणी? हिशेब मांडून बघा. अ‍ॅन फ्रँक जिथे होती त्या प्रिन्सनख्राख्त २६३ मध्ये आठ माणसं होती. माणशी अर्धा किलो बटाटे धरले तर दिवसाला चार किलो, आठवड्याला २८ किलो. दोन बायांच्या बिऱ्हाडानं एका दुकानातून एवढे घेतले तर दुकानदाराच्या नजरेत येणारच. म्हणून दुकानदार आपल्यातलाच लागतो. तिथे लपलेल्यांना मदत करणारी मिप खीस भाजी आणी. ती ज्याच्याकडून घेई त्या भाजीवाल्यानं तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मे १९४४ मध्ये तोच पकडला गेला, त्याच्या स्वतःच्या घरी दोन ज्यू सापडले म्हणून. त्या दिवसापासून आठ जणांच्या ताटातलं अन्न कमी झालं.

बाकी चुका किरकोळ वाटाव्यात अशा. केरात पडलेली जास्तीची सालं. विधवेच्या दोरीवर वाळणारा पुरुषाचा सदरा. घरात दोन माणसं आणि विजेचं मीटर पाचांचं. घरमालक दिवसा कामावर असताना वाजलेली संडासाची साखळी. अनुभवी घरांत म्हणूनच धुणं आत वाळे आणि कामाच्या वेळात नळ-साखळी बंद असे.

सप्टेंबर १९४४ नंतर तर सगळंच कोसळलं. रेल्वे कामगारांचा संप, जर्मनांची अन्नबंदी आणि गोठवणारा हिवाळा. पश्चिमेकडच्या शहरांत लोकांनी साखरबीट आणि ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसं उपासमारीनं गेली. अशा दिवसांतही ज्यांनी आपल्या ताटातला वाटा दिला, त्यांच्याविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत.

प्रश्न : खोटं ओळखपत्र बनवणं इतकं अवघड का होतं? छापखाना असला की झालं ना?
– झेरॉक्स आणि डीटीपी सेंटरचालक, जालना

छापून भागलं असतं तर फार लोक वाचले असते. १९४१ मध्ये आलेलं डच ओळखपत्र त्या काळच्या युरोपात नक्कल करायला सगळ्यात कठीण समजलं जाई. एका डच अधिकाऱ्यानंच ते इमानेइतबारे तयार केलं होतं. कागदात पाण्याची खूण. शाई अशी की विशिष्ट दिव्याखाली नाहीशी होते. फोटो असा चिकटवलेला की काढायला गेलं तर कागद फाटतो आणि फोटोमागे बोटाचा ठसा. ज्यूंच्या कार्डावर मोठा ‘जे’.

पण खरी मेख कार्डात नव्हती, ती कचेरीत होती. तुमच्या हातातल्या सातबाऱ्यावर कितीही सुबक खाडाखोड करा, तलाठ्याच्या दप्तरातली नोंद वेगळी असेल तर उपयोग काय? तसंच तिथे. प्रत्येक कार्डाची जोडनोंद गावच्या लोकसंख्या दप्तरात होती आणि फोटो-ठशांची एक प्रत हेगमध्ये. रस्त्यावरच्या पोलिसाला संशय आला की तो दप्तराला विचारी. म्हणून भूमिगतांनी तीन तऱ्हा केल्या. कोणीतरी आपलं खरं कार्ड ‘हरवलं’ म्हणून तक्रार द्यायची आणि कार्ड भूमिगतांना द्यायचं, मग त्यात फोटो बदलायचा. किंवा सामील असलेल्या नगरपालिका कारकुनाकडून कोरं कार्ड घेऊन त्याची नोंदही दप्तरात घालून घ्यायची. ही सगळ्यात पक्की तऱ्हा. किंवा संपूर्ण नक्कल छापायची. शिल्पकार गेरिट फान डेर फेन यांच्या गटानं अशी सुमारे ८० हजार कार्डं बनवली. यातली बरीच साध्या तपासणीत चालत, दप्तराशी पडताळली तर नाही.

मग दप्तरच जाळायचं ठरलं. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार-लेखक विलेम आरोंडेउस आणि फान डेर फेन यांचा गट पोलिसांच्या वेशात अ‍ॅम्स्टरडॅमच्या दप्तरकचेरीत शिरला. पहारेकऱ्यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी झोपेचं इंजेक्शन देऊन बाहेर बागेत नेऊन ठेवलं, म्हणजे जीव कोणाचाच जायला नको. कपाटात दाबून भरलेला कागद पेटत नाही, नुसता कडेनं करपतो. म्हणून आधी खण उपसले, कार्डं जमिनीवर विस्कटली, मग ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवलं. अग्निशमन दलात सहानुभूतीची माणसं होती. ती सावकाश आली आणि आली तशी पाणी मात्र सढळ हातानं मारलं, म्हणजे जळायचं राहिलेलं भिजून जावं. एवढं करूनही नष्ट झाली ती जेमतेम १५ टक्के कार्डं. गट फितुरीनं पकडला गेला आणि १ जुलै १९४३ रोजी बारा जणांना गोळ्या घातल्या. आरोंडेउस समलिंगी होते आणि समलिंगी माणसं भित्री नसतात हे लोकांना सांगा, असा निरोप त्यांनी मरणाआधी ठेवला. बरीच वर्षं तो कोणी फारसा सांगितला नाही, म्हणून इथे सांगतो.

प्रश्न : मुक्तिसंग्रामातली उमरीच्या बँकेवरची १९४८ ची धाड आमच्याकडे घराघरांत सांगतात. डच भूमिगतांनी पैसा कसा उभा केला?
– वाचक, उमरी, जि. नांदेड

तिथे बँक फोडली, पण कुलूप न तोडता. वालराव्हेन फान हाल हे बँकिंगमधले गृहस्थ. आधी खलाशांच्या अडकलेल्या कुटुंबांना मदत करत, मग सगळ्या भूमिगत कामाचे खजिनदार झाले. श्रीमंतांकडून कर्ज घ्यायचे, लंडनला आश्रय घेतलेल्या डच सरकारची परतफेडीची हमी होती. ते अपुरं पडू लागलं तेव्हा सरकारी कर्जरोख्यांच्या हुबेहूब नकला छापल्या. देशाच्या मध्यवर्ती बँकेतल्या माणसांच्या मदतीनं तिजोरीतले खरे रोखे बाहेर काढून त्या जागी नकला ठेवल्या आणि खरे वटवले. एवढ्यातून पाच कोटींहून जास्त गिल्डर मिळाले. बँकेच्या वरिष्ठांना पत्ताही लागला नाही.

हा पैसा लपलेल्यांची कुटुंबं, रेल्वे संपकरी आणि ज्यांच्या घरी पाहुणे होते पण पगार तुटपुंजा होता अशा लोकांकडे जाई. घरभाड्याची बाजूही सांगायला हवी. काही यजमानांनी एक पैसा घेतला नाही, बऱ्याच जणांनी खर्चापुरतं घेतलं आणि काहींनी पिळून काढलं. पैसे संपले की घराबाहेर काढलेली माणसंही होती. फान हाल यांना १२ फेब्रुवारी १९४५ रोजी हार्लेममध्ये गोळ्या घातल्या. वयाची ३९ वर्षं पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते.

प्रश्न : लहान मुलांना आईबापापासून वेगळं करून कसं नेत? मुलं बोलून जात नसत?
– अंगणवाडी सेविका, बीड

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पकडलेल्या ज्यूंना एका नाट्यगृहात कोंडत आणि लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहात कारकुनी सांभाळणारे वाल्टर झ्युसकिंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट या तिघांच्या जोडणीतून सुमारे ६०० मुलं बाहेर पडली. पहिल्या दोघांनी आपले जीव गमावले. फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले.

कामाचा क्रम पक्का होता. आधी आईबापाची संमती. मग झ्युसकिंड यादीतून मुलाचं नाव काढत. हे झालं नाही तर गाडी भरताना मोजणीत मूल कमी येतं आणि आईबाप अडकतात. कधी कधी आई दुपट्यात बाहुली गुंडाळून घेऊन निघे, मोजणाऱ्याला तान्हं मूल वाटावं म्हणून. मग मूल कुंपणावरून शेजारच्या शाळेत आणि तिथून पिशवीत, धुण्याच्या टोपलीत, नाहीतर सरळ हात धरून बाहेर. पहारेकऱ्यासमोरून ट्राम जाई. ती मध्ये आली की तेवढे क्षण दार त्याला दिसत नसे. चालणारी मुलं तेवढ्यात निघत, पुढच्या थांब्यापर्यंत पळत आणि त्याच ट्राममध्ये चढत. ट्राममधल्या लोकांना दिसे. लोक हसून गप्प बसत.

पुढे विद्यार्थ्यांचे गट मुलाला रेल्वेनं गावी पोचवत. काळ्या केसांची मुलं बहुतेक दक्षिणेला लिंबर्गकडे नेत, तिथे तशी माणसं खपून जात. पिंगट केसांची उत्तरेला फ्रिसलंडकडे. सांगायची गोष्ट ठरलेली, रॉटरडॅमच्या बॉम्बफेकीत घर गेलेला भाचा. ती पटे, कारण १४ मे १९४० ला खरंच ते शहर बेचिराख झालं होतं.

मुलं बोलतात का? तीन वर्षांचं मूल नवं नाव आठ-पंधरा दिवसांत धरतं, तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत. अडचण पाच ते आठ वयाच्या मुलांची. त्यांना जुनं सगळं आठवतं आणि राग आला की तेच तोंडावर येतं. त्यातून सुंता झालेल्या मुलग्यांना कुठे आंघोळीला, पोहायला पाठवायची सोय नाही. आणि सगळ्यात लहानांचं दुःख युद्धानंतर निघालं. ज्यांना ती आई म्हणत होती त्यांच्याकडून पुन्हा उचलून, ओळख नसलेल्या नातेवाइकांकडे.

प्रश्न : लपलेलं माणूस आजारी पडलं तर?
– परिचारिका, अंबाजोगाई

विश्वासाचा डॉक्टर असल्याशिवाय घर चालतच नसे. प्रिन्सनख्राख्तला अ‍ॅनची बहीण मार्गोट हिला खोकला झाला तेव्हा कोडीन देऊन तो दाबला, कारण रात्री आवाज भिंतीपलीकडे जाण्याची भीती होती. ऑपरेशनची वेळ आली तर खोट्या नावानं दवाखाना. बाळंतपण गुपचूप. तान्ह्याचा आवाज लपत नाही, म्हणून काही बाळं सांगून ठेवलेल्या घराच्या पायरीवर ‘सापडत’. जर्मनांच्या हे ध्यानात आल्यावर सापडलेलं प्रत्येक बाळ ज्यू धरावं असा हुकूम निघाला. मृत्यू सगळ्यात अवघड. दाखला नाही म्हणून दफनभूमी नाही. रात्री परसात पुरावं लागे.

प्रश्न : लपवणाऱ्याला फाशीच होती का? आणि शेजाऱ्यांनी सांगितलं नाही?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, हिंगोली

पोलंडमध्ये थेट मृत्युदंड होता. नेदरलँड्समध्ये बहुतेकांना तुरुंग किंवा फुख्त, आमर्सफोर्टसारखी छावणी मिळे आणि बरेच जण तिथून परतले नाहीत. काही थोडक्यात सुटलेही. हत्यारी काम करणाऱ्यांना मात्र गोळी.

शेजाऱ्यांनी सांगितलं, हे लपवून चालणार नाही. १९४३ मध्ये ज्यू पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर मिळत, पुढे हा दर वाढला. हेनेके नावाच्या माणसाच्या टोळीनं त्याच वर्षी काही महिन्यांत आठ हजारांवर माणसं धरून दिली. आकडे नीट ठेवा. नेदरलँड्समध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते, त्यातले १ लाख २ हजारांहून जास्त मारले गेले. लपले अंदाजे २८ हजार, त्यातले १२ हजारांच्या आसपास पकडले गेले आणि १६ हजारांच्या आसपास वाचले. मदतीची मोठी देशव्यापी संघटना १९४२ च्या अखेरीस हेलेना काउपर्स-रीटबर्ग या गृहिणीनं आणि पाद्री स्लोम्प यांनी सुरू केली. तिचे कार्यकर्ते ठरल्या दिवशी एकत्र बसत. एकाकडे माणसं, दुसऱ्याकडे घरं, आठवडी बाजारासारखी तिथे गाठ घालून दिली जाई. पण ती फोफावली १९४३ च्या मध्यावर, तेव्हा बहुतेक ज्यू वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेला रवाना झाले होते. हात पुढे आले ते उशिरा. डच लोक स्वतः हे आज स्पष्ट बोलतात.

न्यूलांडं या छोट्या गावाची गोष्ट निराळी. शेतकरी योहानेस पोस्ट आणि आर्नोल्ड डाउवेस यांनी घरोघरी फिरून माणसं ठेवली. पुढे गावानंच ठरवलं, प्रत्येक घरानं किमान एक. सगळ्यांच्याच घरी पाहुणा असला की चुगली करणार कोण? इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्या गावच्या ११७ रहिवाशांचा सन्मान केला. आपल्याकडे याला गावकी म्हणतात.

प्रश्न : ही नावं म्हणायची कशी?
– आकाशवाणीवरची निवेदिका, नांदेड

डच ‘ग’ घशातून, ‘ख’च्या जवळ. म्हणून मिप गीस नव्हे, मिप खीस. आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणतो तो तिथे फान खोख. ‘व्हॅन’चा उच्चार ‘फान’कडे झुकतो.

प्रश्न : मुलगी आइंडहोव्हनला असते, जूनमध्ये आम्ही दोघं जाणार आहोत. काय पाहावं? गुडघ्याचा त्रास आहे.
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि पटकन संपतात. मुलीला आत्ताच सांगून ठेवा. जुन्या घरातला जिना अतिशय उभा आहे, सरळ शिडीच म्हणा. वर चढायचा विचार दोघांनी मिळून करा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्लांताझे भागात एका दिवसात तीन जागा होतात : प्रतिकार संग्रहालय, ते नाट्यगृह आणि समोर फान हुल्स्ट यांच्या विद्यालयाच्या इमारतीत मार्च २०२४ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय. तिघांत चालायचं अंतर थोडं आहे. मधल्या रस्त्यावर ट्राम अजून धावते. पदपथावर उभं राहून ती दारासमोरून जाताना बघा आणि किती सेकंद दार झाकलं जातं ते मोजा.

हार्लेम अ‍ॅम्स्टरडॅमहून रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे. टेन बोम यांच्या घरात वेळ आधी ठरवून गटानं नेतात. जिना तिथेही अरुंद आहे. वरच्या खोलीत ती विटांची भिंत पाहुण्यांसाठी थोडी फोडून ठेवली आहे, आतली अडीच फुटांची फट दिसावी म्हणून. आत एका वेळी दोघं-तिघं उभे राहिले की तिसऱ्याचा खांदा भिंतीला लागतो.